केळीच्या पानावरची झुलेखा

झुलेखाच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. देवीच्या फोडांना कापड चिकटतं म्हणून पोरीला केळीच्या पानावर निजवलं होतं. तान्ह्या भावाला लागण होईल या भीतीनं तिची आई हलिमा त्याला घेऊन दाराबाहेर रडत होती. मी आत निघाले तशी ओरडली, "तू किरिस्तावांची पोर, हयसर कशाला आलीस गो? मरायचंय?"

"मला देवी येऊन गेल्यात. पुन्हा येत नाहीत. तोंड बघ माझं."

या वणांपायी माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मला कशाला जगवलंस, असं मी रोज प्रार्थनेत देवाला विचारायची. त्या दारात मला उत्तर मिळालं. सगळ्या वाडीत बिनधोक आत जाईल असं तोंड माझंच होतं.

कापसाचा बोळा पेजेत बुडवून मी तिच्या ओठांवर पिळत राहिले. कितीतरी वेळानं ती पुटपुटली, "मीठ कमी हाय."

पुढे देवीची साथ आली की रत्नागिरीत मलाच बोलावणं यायचं, आणि मी जायची. आज केळीचं पान कापताना तोच हिरवा वास येतो, आणि आरशासमोर माझी मान ताठ राहते.

झुलेखा जगली. हलिमा आणि ते तान्हंही जगलं.