साचा हवेत असताना

खालापूरच्या टोलनाक्याअलीकडे आमचा प्लास्टिकच्या बादल्या आणि टबांचा कारखाना आहे. कोणत्या मशीनवर काय काढायचं, याचं वेळापत्रक मी लावते. माझे यजमान तिथेच फिटर आहेत. बादल्या संपवून टब सुरू करायचे म्हणजे मशीनमधला लोखंडी साचा चेनपुलीच्या साखळीने उचलून बाहेर घ्यायचा आणि दुसरा बसवायचा. टबाचा साचा दीड टनाचा. तो हवेत असेपर्यंत यजमान त्याला हात लावून वळवत असतात.

गेल्या हिवाळ्यात तो वीतभर घसरला. कुणाला लागलं नाही. यजमानांनी घरी सांगितलंही नाही. मला सुपरवायझरकडून कळलं. तेव्हापासून मी एका मापाच्या सगळ्या ऑर्डरी एकापाठोपाठ लावू लागले. साचा तोच, रंग आधी पांढरा, मग पिवळा, शेवटी काळा. आठवड्याला सहा साचेबदल व्हायचे, आता एक. तोही कधी दुसऱ्या पाळीत, यजमान घरी असताना. मशीन कमी वेळ बंद राहतं म्हणून साहेबांनी कौतुक केलं. खरं कारण मी बोलले नाही.

यजमानांच्या जोडीचा फिटर जेवताना म्हणाला, "वहिनी, दादांना नुसतं बसवून ठेवलंत. पोट सुटलं बघा त्यांचं."

"सुटू दे," मी म्हटलं.

यजमान हसले नाहीत. संध्याकाळी स्कूटर कर्जतच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "अगं, आज साच्याला साखळीचा आकडा लावताना थांबलो. आधी कुठली बाजू, तेच आठवंना. पंधरा दिवसांनी एकदा साचा धरायचा, हे बरं नाय. हाताची सवय जाते."

मी मागे बसून त्यांचा शर्ट घट्ट धरला. साच्याजवळ ते किती वेळा उभे राहतात, एवढंच मी आजवर मोजत होते.

सोमवारी तीन साचेबदल लावले, तिन्ही पहिल्या पाळीत, आधी साखळीची तपासणी. साहेब म्हणाले, "हे काय? मशीन थांबण्याचा वेळ वाढला की!"

या वेळी मी घसरलेल्या साच्यापासून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "साखळी नवीनच मागवा."

नवीन साखळी आली. तिचीही खडखड सुरू झाली की माझी बेरीज अर्धी राहते, आणि मशीन पुन्हा चालू झाल्याचा आवाज येईपर्यंत मी पेन उचलत नाही.

आज अकरा वाजता टबाचा साचा निघणार आहे. ती वेळ मीच लिहिली आहे.