लंबूशेठची टाच

आमच्या भावोजींना सगळा बाजार लंबूशेठ म्हणतो, कारण ते माझ्या ताईच्या जेमतेम खांद्याला लागतात. केस कापण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण उभी हयात चवड्यांवर काढली. दुकानातली खुर्ची जुनी, खाली होतच नाही. उंच गिऱ्हाईक बसलं की यांच्या टाचा वर. पायाखाली फळी घ्या म्हटलं की म्हणायचे, "लोकांना हसायला आणखी एक निमित्त देऊ?" भलताच हट्टी माणूस!

मग टाचेवरची जाड शीर दुखायला लागली. सकाळी पलंगावरून उतरले की भिंत धरून लंगडायचे. जरा चाललं की पाय मोकळा व्हायचा, म्हणून दुकान उघडायचे आणि संध्याकाळी सुजलेली शीर घेऊन परतायचे. मग दुकान बंद, पाय उशीवर, ताईकडून तेल रगडून घेणं. बरं वाटलं की पुन्हा दिवसभर चवड्यांवर. शेवटी दुकान विकायची भाषा सुरू झाली. हातात कात्री नसलेले भावोजी मला डोळ्यांसमोर आणवेनात.

मीच त्यांना ओढत फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे नेलं. त्यांनी शीर चिमटीत धरून पाहिली.

"तुटलेली नाही. कट्‌कन आवाज होऊन चवड्यावर जोरच देता आला नाही, तर तडक दवाखाना गाठायचा. ही थकलीये. नुसती झोपवून ठेवलीत तर आणखी कमजोर होईल, एकदम राबवलीत तर चिडेल. बेताबेतानं काम द्या."

काम म्हणजे पायरीच्या कडेवर चवडे ठेवून वर व्हायचं आणि अगदी सावकाश टाचा खाली सोडायच्या. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी जास्त आखडलं तर कमी करायचं. "महिने लागतील. आणि दुकानात पायाखाली फळी हवीच."

"फळी सोडून सगळं करीन," भावोजी म्हणाले.

घरच्या जिन्यावर ताई वरच्या पायरीवर उभी राहून त्यांना हात द्यायची. एकदा टाचा खाली सोडता सोडता ते म्हणाले, "जन्मभर वर व्हायला धडपडलो, आणि औषध काय, तर खाली उतरा!"

ताई कधी नव्हे ती भडकली. "कोणी सांगितलं होतं धडपडायला? तुमची उंची मला कमी पडते, असं कधी म्हटलं मी? उद्या तुमचा पायच गेला, तर मी चालायचं कुणाबरोबर?"

भावोजी पायरीवरून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराकडून रुंद फळी करून आणली आणि खुर्चीशेजारी टाकली. दाढीला बसलेला किराणावाला आरशात पाहून फिदीफिदी हसला. "काय लंबूशेठ, आज डोंगरावर?"

भावोजींनी दोन्ही टाचा फळीवर घट्ट टेकवल्या आणि वस्तरा उघडला.

"हसा हवं तेवढं," ते म्हणाले, "फक्त हनुवटी हलवू नका."