चपला हातात घेऊन रत्नागिरीला

मी सोलापूरला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. कोकणपट्टीचा धडा दरवर्षी येतो आणि दरवर्षी एखादी मुलगी विचारतेच, "बाई, समुद्र कसा असतो?" आपल्या सिद्धेश्वराच्या तळ्यासारखा, पण पुष्कळ मोठा, असं मी सहा वर्षं बिनदिक्कत सांगत आले. समुद्र मी पाहिलेला नव्हता. माझं सासर तर थेट समुद्राच्या काठावर, रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावात. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी तेही पाहिलेलं नव्हतं.

न पाहण्याचं कारण सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. आमचं लग्न जातीबाहेरचं, नोंदणी पद्धतीने झालेलं. माझ्या बाजूने काका होते, ह्यांच्या बाजूने गिरणीच्या कचेरीतले चार मित्र. (ह्यांचं नाव मी लिहिणार नाही. घेतलं तर उखाण्यातच घेईन, आणि इथे उखाण्याला जागा नाही.) ह्यांनी लग्नाचं घरी पत्र घातलं, उत्तर आलं नाही. दुसरं घातलं, तिसरं घातलं, तरी नाही.

"आपणच जाऊ," एके सकाळी मी म्हटलं. "पत्राला उत्तर नाही दिलं तरी चालतं. दारात उभ्या माणसाशी काहीतरी बोलावंच लागतं."

"तू बाबांना ओळखत नाहीस," हे म्हणाले.

ओळखत नव्हते, म्हणून तर जायचं होतं. दिवाळसणाला जावई सासरी जातात, मी सून असून निघाले. चौथ्या पत्रात बोटीचा दिवस तेवढा कळवला आणि ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी आणि दोन चादरी बांधून आम्ही रात्रीची मुंबईची गाडी पकडली.

मुंबईहून बोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटते. जाणाऱ्यांनी दोन तास तरी आधी पोचावं, कारण डेकवर जागा ज्याची वळकटी आधी पडेल त्याची. तिकिटावर जागेचं काही लिहिलेलं नसतं. आम्ही उशिरा पोचलो, म्हणून आम्हाला मिळाली ती जागा इंजिनाच्या धगीजवळची. डब्यात कोरडं खाणं ठेवावं, लिंबं ठेवावीत, आणि उतरताना होडीचं भाडं वेगळं द्यावं लागतं म्हणून सुटे आणे हाताशी ठेवावेत.

धक्क्यावरचं पाणी पाहून मी नाराज झाले होते. गढूळ, तेलकट, वर नारळाच्या करवंट्या तरंगताहेत. हाच का तो, असं मनात आलं. पण बोट बंदराबाहेर पडली, डावीकडचा किनारा बारीक होत गेला आणि उजवीकडे पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. पाणी होतं आणि ते संपत नव्हतं. मी कठड्याला धरून उभी राहिले. सहा वर्षं मुलींना मी काय सांगत आले, या विचाराने मला लाज वाटली, आणि त्या लाजेतही डोळे तिथून हलेनात.

लौकरच मला बोट लागली. शेजारी जयगडला उतरणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी लिंबू हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "पायाखाली बघू नको गो. नजर लांब ठेव, म्हंजे पोट जाग्यावर ऱ्हाईल." हा उपाय खरा आहे.

नजर लांब ठेवून बसले असता ह्यांनी मला वडिलांची एक गोष्ट सांगितली. आगबोट रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागत नाही, खोल पाण्यात उभी राहते. तिथून उतारूंना आणतो तो पडाव, म्हणजे वल्ह्यांची मोठी होडी. माझे सासरे अशा एका पडावाचे तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य. रोज सकाळी पडाव पाण्यात लोटण्याआधी ते पुढच्या टोकाशी उभे राहून देवाला गाऱ्हाणं घालतात. घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन म्हणतात, याला सांभाळ. खलाशी एका आवाजात होकार देतात.

"मी सोलापूरला गेलो तरी माझं नाव सुटलं नव्हतं. आये सांगायची तसं," हे म्हणाले. मग म्हणाले, "लग्नानंतर सुटलं की काय, ते माहीत नाही."

माझं नाव त्या गाऱ्हाण्यात येईल का, हे मी विचारलं नाही. पण तेव्हापासून माझ्या मनात दुसरं काही राहिलं नाही.

ऊन कलता कलता रत्नागिरीचा किल्ला दिसला. लाल कडा, वर दीपगृह, खाली फेसाची पांढरी रेघ. बोट थांबली आणि पडाव येऊन तिला भिडले. आता ऐका, कारण इथेच नव्या माणसाची गाळण उडते. बोटीच्या अंगाला शिडी. शिडीच्या खाली पडाव, आणि तो पडाव एका लाटेबरोबर तुमच्या पायाशी येतो नि दुसऱ्या लाटेबरोबर पुरुषभर खाली जातो. त्या पडावात मधोमध एक उंच, काळा, पांढऱ्या मिशांचा माणूस काही न धरता उभा होता. पडाव वरखाली होत होता, तो नव्हता.

"बाबा," हे माझ्या कानाशी म्हणाले.

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मला म्हणाले, "उडी मार म्हटली की मारायची. आधी नाय, मागनं नाय." लाट वर आली. "मार." मी मारली. त्यांनी कोपर धरून मला फळीवर बसवलं आणि पुढच्या उतारूकडे वळले. एरवी सासरा सुनेच्या वाऱ्याला उभा राहत नाही. पण हे शब्द तांडेलाने उतारूला सांगितलेले होते, त्यात सून कुठेच नव्हती. हे उतरले आणि "बाबा" म्हणाले, तर उत्तर मिळालं, "बसून घे. तोल जातो."

किनाऱ्याला लागल्यावर ते एका खलाशाला म्हणाले, "सामान घरला ने." म्हणजे घरी यायला हरकत नव्हती.

घर जांभ्या चिऱ्यांचं, कौलारू, पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि खळ्यापासून हाकेच्या अंतरावर समुद्र. उंबऱ्याशी पोचते तोच आतून सासूबाईंचा आवाज आला, "थांब. तशीच येऊ नको." मी उचललेलं पाऊल मागे घेतलं. मग त्या भाकरीचा तुकडा नि पाणी घेऊन आल्या, दोघांवरून ओवाळून टाकलं आणि माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "दमलंस गो बाय. ये आता." मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

जेवायला तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं होतं. मासा मी कधी खाल्लेला नव्हता. बारा वर्षांची नणंद शेवंती माझ्या ताटातले काटे काढून देत होती आणि हसत होती. सासरे पलीकडे जेवत होते. माझ्याशी काही बोलायचं असलं तर ते शेवंतीमार्फत. "शेवंते, विचार, भात हवा काय?" आणि मी बसलेली त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला हाताला धरून किनाऱ्यावर नेलं. पडाव वाळूवर होता. सासरे हातात पाण्याचा गडू घेऊन पुढच्या टोकाशी उभे, खलाशी दोन्ही बाजूंना. त्यांचा आवाज वाऱ्यावर स्पष्ट येत होता. "बा महाराजा, आज तुझ्या पाण्यावर पडाव लोटतोय. माझी बायको हाय, लेक शेवंती हाय, त्यांना सांभाळ." खलाशी म्हणाले, "व्हय महाराजा." मग ह्यांचं नाव आलं. "लांब गेलाय, त्याला सांभाळ रे महाराजा." "व्हय महाराजा."

माझ्या मागे उभे असलेले हे पाठ फिरवून माडाकडे बघत राहिले. नाव सुटलेलं नव्हतं. रोज सकाळी, आमच्या तीन पत्रांना उत्तर न देणारा हा माणूस मुलाचं नाव समुद्राला सांगत होता. मला इतका आनंद झाला, आणि त्याच घटकेला इतकं एकटं वाटलं. कारण गाऱ्हाणं तिथे संपलं.

दुपारी आणखी एक फजिती. किनाऱ्यावर गेले तर समुद्र जागेवर नव्हता, खूप लांब गेलेला. भरती-ओहोटी मी फळ्यावर बाणांनी काढून शिकवते, तरीही मी दचकले. केवढं हे पाणी, आणि केवढं ते मुकाट्याने उठून जातं. ते कुठवर गेलंय हे नीट दिसावं म्हणून वाळूवर ओढून ठेवलेल्या पडावाच्या पुढच्या टोकावर मी चढले. पायांत चपला होत्या.

वाटेने डोक्यावर पाटी घेऊन चाललेली एक बाई जागच्या जागी थांबली. "अगो, उतर," ती हळूच म्हणाली. मागे वळून पाहिलं तर सासरे उभे होते. मी उतरले. ते समुद्रापर्यंत चालत गेले, कळशी भरून आणली आणि ते टोक आपल्या हाताने धुतलं. मग कनवटीची पुडी काढून कुंकू लावलं. मी तिथेच उभी होते. ते एक शब्द रागाचा बोलले असते तर बरं झालं असतं.

"ती नाळ," सासूबाईंनी नंतर सांगितलं. "पडावाचं कपाळ ता. नारळी पुनवेला तितंच नारळ फुटतो. तितं पाय नाय ठेवायचा, चपला तर नायच नाय."

"मी आता काय करू, आये?"

"काय करू नको. पाण्यापाशी गेलंस की चपला काढ."

त्यानंतरचा दिवस मी अनवाणी काढला. सकाळी गाऱ्हाण्याच्या वेळी मुद्दाम लांब, ऐकू येणार नाही इतकी लांब उभी राहिले. न ऐकलेलं सोसायला सोपं जातं. नंतर चूल मागून घेतली आणि आमच्याकडची ज्वारीची भाकरी थापली. शेवंती थापण्याचा आवाज ऐकूनच खूश. सासऱ्यांनी एक खाल्ली, चटणीचं बोट लावून दुसरी खाल्ली. मग म्हणाले, "शेवंते, विचार, आजून हाय काय?" भाकरी होती. तेवढंच. पोटाची गोष्ट वेगळी आणि देवाची वेगळी, हे मला कळत होतं.

परतीची बोट सकाळची. चपला हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून मी पडावात चढले, नाळेपासून होता होईल तो दूर, मागच्या फळीवर बसले. कोल्हापूरला जाणारा माल उतरवून आलेले व्यापारी, मुंबईच्या कामावर निघालेली माणसं, पोरंबाळं, कोंबड्यांची एक टोपली, असा पडाव भरला. खलाशी सरसावले. सासरे नाळेशी गेले, गडू उचलला. आज लांब उभं राहायची सोय नव्हती. मी मान खाली घातली.

"बा महाराजा, आज तुझ्या पाण्यावर पडाव लोटतोय." बायकोचं नाव झालं. शेवंतीचं झालं. ह्यांचं झालं. खलाशांनी होकार दिले. मग ते थांबले, आणि मला वाटलं, संपलं.

"आनि सोलापूरची लेक सुभद्रा," ते म्हणाले, "माझी सून. आज तुझ्या पाण्यावरनं जातेय. ती अजाण हाय. तिच्या पायानं काय चुकलंमाकलं आसल तर पदरात घे, आनि सुखरूप तिच्या घरला पोचव रे महाराजा."

"व्हय महाराजा," खलाशी म्हणाले. आणि त्यांच्या मागून पडावातल्या त्या सगळ्या अनोळखी माणसांनीही म्हटलं, "व्हय महाराजा."

माझं नाव त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं. ते पत्रात होतं, म्हणजे पत्रं वाचलेली होती. मला समुद्राने जेवढं थक्क केलं नाही तेवढं या एका गोष्टीने केलं. होकार द्यायला ह्यांनीही तोंड उघडलं होतं, पण आवाज काही फुटला नाही.

बोटीपाशी पुन्हा तीच शिडी. सासऱ्यांनी कोपर धरून मला पायरीवर चढवलं, आणि मी वर जायला लागले तसे म्हणाले, "सुभद्रे, घाल आता चपला. ती बोट लोखंडाची, तिला काय देव नाय." सून म्हणून माझ्याशी थेट बोललेलं हे पहिलंच वाक्य. मी शिडीवर हसले नि रडले, आणि एक चप्पल समुद्रात पडता पडता राहिली.

आता सोलापूर. जाणाऱ्यांनी दिवाळीनंतर जावं, त्या दिवसांत समुद्र शांत असतो. सामान थोडं न्यावं, लिंबं जास्त. कोणाच्याही होडीवर विचारल्याशिवाय पाय ठेवू नये. वर्गात परवा तो प्रश्न पुन्हा आला आणि मी मुलींना सांगितलं की समुद्र तळ्यासारखा नसतो, सहा वर्षं मी चुकीचं सांगितलं. मग कसा असतो, तर ते मला फळ्यावर नीट सांगता आलं नाही.

एक सवय मात्र लागली आहे. पूर्वी वारा सुटला की मी वाळत घातलेले कपडे काढायला धावत असे, बाकी वाऱ्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. काल संध्याकाळी जोराचा वारा सुटला, मी गच्चीवर गेले आणि कपडे तसेच राहिले. आसपास कोणी ऐकत नाहीसं पाहून पश्चिमेकडे तोंड केलं आणि चपला काढून ठेवल्या. "बा महाराजा," मी म्हटलं, माझ्या सोलापुरी बोलीत, अडखळत, "मिऱ्याला माझे सासरे आहेत. आज त्यांचा पडाव पाण्यावर असेल. त्यांना सांभाळ."

पुढे काय म्हणतात ते मला ठाऊक होतं, पण ते आपलं आपण म्हणायचं नसतं. तेवढ्यात मागे, जिन्याच्या तोंडाशी, वर्तमानपत्र हातात घेऊन उभे असलेले हे म्हणाले, "व्हय महाराजा."