वाकळेखालच्या दीडशे बाटल्या

दुसरी बाटली फुटली तेव्हा सुभेदारसाहेब फेट्यासकट जमिनीवर आडवे झाले. फौजेतली सवय. वऱ्हाड यायला दोन तास होते. उरलेल्या दीडशे बाटल्या शेजारच्या खोलीत रांगेनं उभ्या होत्या, आणि भिंतीपलीकडं बायका पुऱ्या लाटत होत्या.

"केमिस्ट! ह्ये काय लावलंय?"

ते कराडच्या सोडा फॅक्टरीचे मालक, रिटायर्ड सुभेदार. मी त्यांचा केमिस्ट, बी.एस्सी. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. वडील सही करायला शिकले ती माझ्या कॉलेजच्या फॉर्मसाठी. आज ती डिग्री पणाला लागली होती, आणि चारदोन माणसांचे डोळेही.

साहेबांनी फौजेच्या मेसमध्ये जिंजर एल प्यायलं होतं. मुलीच्या लग्नात तेच हवं होतं. मशीननं भरलेला गॅस नको, बाटलीतच तयार झालेला हवा. प्रकार साधा आहे. आल्याचं पाणी, साखर, लिंबू आणि बेकरीतलं यीस्ट. यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं. बूच घट्ट असलं की गॅस पाण्यातच मुरतो. साखर जास्त झाली की गॅस जास्त होतो, आणि मग काच ऐकत नाही. म्हणून मी साखर तराजूवर मोजून घातली होती.

दोन दिवसांपूर्वी मी कडेगावला त्यांच्या घरी येऊन हे सगळं पिंपात कालवलं. आधी नमुन्याच्या चार बाटल्या भरल्या. मग जेवलो. मग उरलेल्या भरल्या. नमुने कराडला नेऊन फॅक्टरीच्या पत्र्याखाली, इथल्यापेक्षा जास्त उकाड्यात ठेवले. रोज एक उघडून पाहिली. गॅस झकास. आज सगळ्या बाटल्या बर्फात घातल्या की काम संपलं. थंडीत यीस्ट झोपतं.

मग या का फुटतायत?

खोलीच्या दारापर्यंत उडालेल्या काचा बाजूला सारून मी फेसात बोट बुडवलं आणि चाटलं. गूळ! मी तर साखर घातली होती.

"पिंपात गूळ कुणी घातला?"

"म्या घातला," दारातून साहेबांच्या थोरल्या बहीण, आत्याबाई म्हणाल्या. "तू जेवाय बसलास तवा चाखून बघितलं. लय मिळमिळीत हुतं."

"किती घातला?"

"अर्धी ढेप. आमच्यात ऊस पिकतोय आन् व्याह्याला फिक्कं पाजायचं व्हय रं?"

"आवं आत्याबाई, त्या गुळाचाच गॅस झालाय!"

"मग गॅसचं तू बघ. गोडाचं आमी बघतो."

साहेब फरशीवरूनच म्हणाले, "आक्का, ह्यो बी.एस्सी. हाय गं."

"आसंल. त्याला गोडाचं शिकीवलं न्हाई."

मी बायकांना पुऱ्यांसकट अंगणात काढलं. दारातून हात लांब करून बाटल्यांवर ओल्या वाकळा टाकल्या. लग्नघर असल्यानं पांघरायच्या वाकळांना तोटा नव्हता. वर बर्फाचा चुरा पसरला. तासभर कुणी आत जायचं नाही. आतून एकेक दबका बार येत होता. आत्याबाई बोटांवर मोजत होत्या. अकरा झाले. मग बार थांबले.

हाताला पोतं गुंडाळलं, तोंडापुढं धान्याची चाळण धरली आणि आत शिरलो. वाकळेखालून एकेक बूच सैल केलं. दहाव्या बाटलीनंतर साहेबही दुसरी चाळण घेऊन आले. सगळा माल पिंपात ओतून जाड फडक्यानं दोनदा गाळला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

व्याह्यांनी तीन ग्लास रिचवले. "सुभेदार, चव लय भारी! गोडी कशाची म्हनायची?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी पंगतीकडं बघितलं.

नमुना कसा घ्यायचा, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. जेवण झाल्यावर घ्यायचा, हे शिकवलं नव्हतं.