पाय आधी

“पाय बघितलास?”

मी दवाखान्यात शिरल्या शिरल्या डॉक्टर हे विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता माझ्या गळ्यातला नवाकोरा स्टेथोस्कोप काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचे.

आज तुम्ही ज्याला नवी मुंबई म्हणता, तिथे साठ सालाच्या आसपास खाडी, भातखाचरं आणि मिठागरं होती. घणसोलीच्या बाजूला दोन खोल्यांचा दवाखाना, एक कंपाउंडर आणि हे डॉक्टर. मी मुंबईत डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तोवर हाताळली ती सगळी मेलेली माणसं. जिवंत माणूस कसा असतो ते बघायला प्राध्यापकांनी मला दर रविवारी आपल्या या जुन्या मित्राकडे धाडलं होतं.

“दमलो बुवा,” हे त्यांचं दुसरं वाक्य. बसताना म्हणायचे, उठताना म्हणायचे. आता माझंही वय झालं, माझ्याही तोंडात तेच येतं. पण रांग अंगणाबाहेर गेली तरी ते कुणाला उभ्याउभ्या तपासत नसत. रोग्याला बाकावर बसवायचे, स्वतः बुटक्या स्टुलावर, आणि त्याचा पाय चक्क आपल्या मांडीवर घ्यायचे. डॉक्टरांना पाय लावायचा या कल्पनेनेच माणसं पाय मागे ओढायची. हे सोडायचे नाहीत. घोट्याच्या वर अंगठा दाबून खड्डा पडतो का, किती वेळ राहतो, ते मला दाखवायचे. “कान नंतर, विद्वान. आधी हे. हृदय थकलं की पायावर सूज येते.”

मिठागरात राबणाऱ्या गोमीबाईच्या टाचा फुटून जखमा झाल्या होत्या. मी रुबाबात सांगितलं, “मावशी, आठ दिवस पाय कोरडा ठेवा.”

“मंग मीठ कोन ओढंल? तू?”

डॉक्टर खो खो हसले. दुपारी मला बांधावरून मिठागरात नेलं आणि अनवाणी खाऱ्या पाण्यात उभं केलं. माझ्या टाचेला जरासं खरचटलेलं होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. परतल्यावर त्यांनी गोमीबाईच्या टाचांना मलम थापून वरून मोटारीच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधून दिले.

त्या दिवशी बांधावर ते दम खायला तीनदा थांबले होते. पाय धुवायला त्यांनी वहाणा काढल्या, तर पट्ट्याची खोल रेघ पायावर तशीच राहिली. त्याचा अर्थ मला कळत होता, त्यांनीच तर शिकवला होता. पण दुसऱ्या वर्षाच्या पोराने डॉक्टरांना काय सांगायचं? मी पंचा पुढे केला.

पुढच्या रविवारी त्यांनी वहाणेचा पट्टा सैल केला होता. त्याच्या पुढच्या रविवारी कापूनच टाकला होता. येताना दर वेळी मी ठरवायचो, आज बोलायचंच. ते विचारायचे, “पाय बघितलास?” आणि मी समोरच्या रोग्याकडे बघत म्हणायचो, “हो, सर.” त्या ‘हो, सर’ची मला अजून लाज वाटते.

मग परीक्षा आली. दीड महिन्याने गेलो तर कंपाउंडरने दारातच सांगितलं, डॉक्टर गेले, दहा दिवस झाले. हृदय थकलं होतं.

रांग मात्र होती. कंपाउंडर जमेल तसं औषध देत होता. बाकावर गोमीबाई बसली होती.

“डाक्टरचं पाय सुजलं व्हतं,” ती मला म्हणाली. “तू तं डाक्टरकी शिकतंस. तुला नाय दिसलं?”

“दिसलं होतं.”

“मंग बोललास का नाय?”

गळ्यातला स्टेथोस्कोप काढून मी खिळ्याला अडकवला आणि स्टुलावर बसलो. मग तिने ट्यूबचा तुकडा सोडला आणि पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मागे ओढला नाही.