माईकबाईंचे दात

बसस्थानकावर गाड्या पुकारणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे 'माईकबाई' म्हणत. फलाटांसमोरच्या काचेच्या खोलीत त्यांनी निम्मं आयुष्य काढलं. आवाज खणखणीत, ड्रायव्हर म्हणायचे, बंद पडलेली गाडीसुद्धा चालू होईल.

ब्रश करताना रक्त येऊ लागलं तेव्हा त्यांनी कानाडोळा केला. पुढे जिथून रक्त येई तिथे ब्रश लावायचाच सोडला. दुखत तर नव्हतं. मुलीने दातांच्या कण्या केल्या, "आई, एकदा दाखवून ये ना." उत्तर ठरलेलं, "डॉक्टरकडून साफ केले की दात खिळखिळे होतात. शेजारणीचे बघितलेस ना?"

मग तोंडाला वास येऊ लागला. तोंडावर कुणी बोललं नाही. कंट्रोलर दारातूनच बोलू लागला, नवरा कूस बदलून झोपू लागला. बाईंनी हसणं टाकलं. वरच्या पुढच्या दातांत फट पडली होती आणि जीभ लागली तरी ते हलत.

एका सकाळी हिरडी टम्म सुजली. दात निखळेल या धास्तीने जिभेचा टेकू देत त्या पुकारत होत्या. फलाट 'सहा'चं लोकांना 'दहा' ऐकू आलं. लोंढा बोचकी-पोरं घेऊन दहाकडे धावला. एक म्हातारा पायरीवरून कोसळला, त्याचा खुबा मोडला. बाईंनी ते काचेतून पाहिलं आणि दुपारीच दातांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी आरसा हातात दिला. "दातांवरचा थर साचून दगडासारखा होतो, त्याला किटण म्हणतात. ते हिरडीखाली उतरलं, की तिथे पू होतो आणि दात धरून ठेवणारं हाड विरघळतं. दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो."

"म्हणजे साफ केल्याने दात हलत नाहीत?"

"ते आधीच सुटलेले असतात, किटणामुळे अडकून बसलेले. रक्त येतं तिथेच हलक्या हाताने ब्रश फिरवायचा."

"हाड परत भरेल?"

"गेलेलं बहुतेक गेलंच. उरलेलं वाचवू."

एवढं नुकसान पाहून डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. साखर भरमसाट निघाली. साखरेने हिरड्या खाल्ल्या होत्या आणि हिरड्यांमुळे साखर उतरत नव्हती.

पुढचे चार दात काढावे लागले. बाकीच्यांच्या मुळांवरचं किटण सुई देऊन, एकेक बाजू करत, हिरडीखालून खरवडलं. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू सूज उतरली, रक्त थांबलं, वास गेला. पण कवळी बसवल्यावर 'स' म्हणताना शीळ वाजू लागली. माईकवर दुसरी बाई आली आणि यांची बदली हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली.

म्हाताऱ्याला भेटायला त्या इस्पितळात गेल्या. तो उताणा, पाय वजनाला बांधलेला.

"कोण तुम्ही?"

"बसस्थानकावर गाड्या पुकारायचे मी. त्या दिवशी माझ्यामुळे पडलात तुम्ही."

"नाही हो," म्हातारा म्हणाला. "त्या बाईंचा आवाज मला चांगला ठाऊक आहे."

बाईंनी पुन्हा सांगून पाहिलं, पुन्हा शीळच वाजली. मग स्टूल ओढून त्या तिथेच बसून राहिल्या.