काशिनाथने चकाकवलेले दांडे

उशिरा लिहितोय, माफ करा.
पण काशिनाथ काळजीने मेला, आणि ती काळजी एका फोनने मिटली असती.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. डॉक्टरांना काय माहीत.

तो गेला तेव्हाच लिहिणार होतो. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, नको. कंपनीची नोटीस येईल."
मी पहिल्यापासून घाबरट. गप्प बसलो. आज त्याचं दहावं झालं. कंपनीचं नाव अजूनही घालत नाही.

काशिनाथ पाचूबंदरचा. घरचे सगळे बोटीवर, हा एकटा वसई ईस्टला बफिंगला. आयुष्यभर आम्ही शेजारी शेजारी उभे राहून भांडी घासून चकाकवली. ताटं, तांबे, समया.
मालात आपलं तोंड दिसलं की काम झालं. दुसरी शाळा आम्हाला नाही.

मग भांड्यांचा कारखाना बंद पडला. म्हातारपणी दोघे एका इम्प्लांटच्या कंपनीत लागलो. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडात ठोकतात तो टायटॅनियमचा दांडा. त्याची मान चकाचक करायची. खालचा भाग राखाडी, खरखरीत. तो तसाच सोडायचा.

का सोडायचा, ते कोणी सांगितलं नाही.
"वरचंच करा काका." ट्रेनिंग संपलं.

नुकतेच लागलो होतो आणि खंडेनवमी आली. आदल्या दिवशी मी तापाने घरी. काशिनाथने मोटर पुसली, हार आणला. बाकावर दांड्यांचा एक ट्रे होता, अर्धा चमकणारा, अर्धा मळकट.
मशीनच्या पूजेला बाकावर अर्धवट माल ठेवायचा नाही, ही आमची रीत.
त्याने सगळे दांडे खालपर्यंत घासले. आरशासारखे केले. ट्रे पॅकिंगला दिला आणि खुशीत घरी गेला.

सुट्टीनंतर इंजिनिअरने त्याला बोलावलं. मी तिथेच होतो.

"काका, काय केलंत हे? खालचा भाग मुद्दाम खरखरीत ठेवतो आम्ही! हाडाच्या पेशी जिवंत असतात. खरखरीत जागा मिळाली की त्या धरून बसतात, पसरतात, नवीन हाड भरतात. गुळगुळीतवर तशी पकड येत नाही. मध्ये नुसता मऊ पडदा तयार होतो. दांडा हलायला लागतो, पेशंट लंगडतो."

काशिनाथने एकच विचारलं. "साहेब, तो ट्रे कुठंय?"

"ते आम्ही बघू."

काय बघितलं, देव जाणे. त्याला त्याच दिवशी काढलं.

घरी त्याच्या बायकोने, हिरावहिनींनी, ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "म्हंजे दर्यातली कालवां खडकाला धरतात तशी! थाळीला कधी कालव धरतंय? मंग एवढं आधी सांगाला काय झालेलं त्या मेल्याला?"

काशिनाथ हसला नाही.

गेटवर गेला, वॉचमनने हाकललं. फोन केले, उचलले नाहीत. मी आत विचारलं, तर "तुम्हाला काय करायचंय?" पुढच्या महिन्यात मलाही कामावर येऊ नका सांगितलं.

त्यानंतर तो बाजारात काठीवाली माणसं शोधायचा. अनोळखी बाईला थांबवून विचारायचा, "खुब्याचं ऑपरेशन झालंय का? दुखतं का?" लोक वेडा समजायचे. एकीच्या मुलाने कॉलर धरली.

मी चिडायचो. "अरे येड्या, भंगारात गेला असेल तो माल."
"भंगारात गेला असं कोण बोललं तुला?"
कोणी नाही.
"मग लांब कुठे तरी गेला असेल."
"लांबची माणसं चालत नाहीत काय?"



तो गेल्याची बातमी मी कंपनीतल्या लोकांच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्या इंजिनिअरने जोडलेले हात पाठवले. दोन मिनिटांत! इतकी वर्षं ज्या माणसाला एक फोन उचलता आला नाही, त्याचं बोट त्या दिवशी बरं चाललं.

आता वहिनींना झोप नाही. देवळात एखादी म्हातारी लंगडताना दिसली की त्या मागे मागे जातात. मला विचारतात, "भावजी, कोनाच्या पायात गेला असंल तो?"

काशिनाथ, तुला नीट निरोप देता येत नाही मला. जा बाबा. उत्तराची वाट इथे मी बघतो.

आणि इंजिनिअर साहेब, तुम्ही हे वाचताय, मला माहीत आहे. नोटीस पाठवायची तर पाठवा. पण तो ट्रे बाहेर गेला की थांबवला, एवढं वहिनींना कळवा. गेला असेल तर तेही सांगा.

लवकर कळवा.